फुकटच्या दिव्यांचा कंटेनर

२००८च्या मंदीत दुबईतल्या इमारती अर्ध्यावर थांबल्या आणि आमच्या कंपनीचा वायरी-स्विचांचा धंदाही बसला. साहेबांनी मग सौर दिवे विकायला काढले. आफ्रिकेत मदत वाटणाऱ्या संस्था आमच्याकडे चौकशी करायच्या, पण नेमाने माल न्यायची ती टांझानियाची एक दुकानदार बाई. दर तीन-चार महिन्यांनी जबल अली बंदरातल्या आमच्या गोदामात येऊन ती एकेक दिवा स्वतः लावून बघायची. गोदाम माझ्याकडे होतं, मला वैताग यायचा. पण तिने नेलेला दिवा कधी तक्रार होऊन परत आला नाही.

पुढच्या वर्षी एका संस्थेची मोठी ऑर्डर मिळाली. सगळे दिवे फुकट वाटायचे. मी घरी पेढे नेले. बायको म्हणाली, चला, पगार मिळतोय आणि वर पुण्यही. मुलीने विचारलं, "पपा, सो यू आर हेल्पिंग आफ्रिका?" मी फुशारून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कागदांवर जिल्ह्याचं नाव वाचलं. तो त्या बाईचाच जिल्हा होता.

त्याच आठवड्यात ती आली आणि या वेळी तिने दुप्पट दिवे मागितले. ऑर्डरबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर आम्हा तिघांचा व्हिसा. शिवाय गरिबांना दिवे मिळतायत, त्यात वाईट ते काय? पण मग हिच्या दुकानाचं काय? आपण भलं करतोय की वाटोळं, काही केल्या उलगडेना. मी मुकाट्याने खोकी भरून दिली. स्वतःची लाज वाटली, एवढं मात्र नक्की.

दीड वर्षाने ती परत आली. दिवे पडून राहिले होते, दुकान बंद झालं होतं. मी नजर चुकवत होतो. तिला आता हव्या होत्या नुसत्या बॅटऱ्या. फुकटचे दिवे बॅटरी संपून बंद पडू लागले होते आणि लोक ते दुरुस्तीला तिच्याकडे आणत होते. सुट्या बॅटऱ्या मात्र ना संस्थेने मागवल्या होत्या, ना आम्हाला सुचल्या होत्या.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तुमचं नुकसान तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, असंही पुटपुटलो.

"सांगितलं असतंत, तर मी तेव्हाच दिवे सोडून बॅटऱ्या मागवल्या असत्या," ती म्हणाली. "दिव्यांत पैसे अडकले नसते, दुकान चालू राहिलं असतं."