लेकीचा टॅब

अक्षर वाईट आहे, लिहिताना चुकाही होतात, त्याची माफी असावी. वाटणाचा वास आला की मला लेकीचा टॅब आठवतो. घाटकोपरच्या आमच्या खोलीत प्लग एकच होता. बॅटरी गेल्यामुळे टॅब चार्जरवरच चालायचा. तो तसाच लावून ती क्लासला गेली होती आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येत होतं. मला स्वयंपाकाची घाई, म्हणून मी टॅबची पिन काढून वाटणासाठी मिक्सर लावला. नंतर टॅब चालूच होईना, म्हणून आम्ही दोघी तो दुकानात घेऊन गेलो. दुरुस्तीवाला म्हणाला, "अपडेट चालू असताना कोणी बंद केला? सगळं सॉफ्टवेअर परत टाकायला लागेल, सहाशे होतील." मी पटकन म्हणाले, "हिलाच विचारा, दिवसभर त्यातच डोकं असतं." "आई, मी नाही गं केलं." "मग काय मी केलं?" मी भर दुकानात ओरडले. शिकवण्या घेऊन साठवलेले सहाशे रुपये तिनेच दिले. त्याने कॉम्प्युटरला जोडून टॅब सुरू केला, पण तिचा सगळा अभ्यास पुसला गेला. आता ती नोकरीला लागली आहे. परवा मी तिला खरं काय ते सांगितलं आणि पैसे पुढे केले. "अगं, राहू दे ना," ती म्हणाली. मी तिला पुरे सहाशे घ्यायला लावले.