शून्य म्हणजे सोडणं नव्हे

आमच्या तंत्रनिकेतनात डिजिटल सर्किट शिकवणाऱ्या बाईंना पोरांनी 'कंडक्टरबाई' करून टाकलंय. का, तर त्या बस शिकवतात. ही बस म्हणजे अनेक भागांनी मिळून वापरायच्या सामायिक तारा. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी तार सोडायची. दोघे एकदम बोलले की सिम्युलेटरच्या पडद्यावर तार लाल होते आणि बाईंचा पारा चढतो.

घरी मात्र बाईंनी हा नियम कधी पाळला नाही. त्यांची लेक बोलताना अडखळते. तिचा शब्द अडला की बाई तो पुरा करून मोकळ्या. मायेपोटीच, पण पोरगी मिटत गेली. आता तर तिची नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती, तीही फोनवर. स्पीच थेरपिस्टनं स्पष्टच सांगितलं, "तिचं वाक्य तिला संपवू द्या." बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. तरी लेक अडायचीच, उलट जास्त.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत एका मुलीची तार लाल झाली.

"मॅडम, दुसरा भाग मी गप्पच ठेवलाय. शून्य दिलंय त्याला."

"अगं, शून्य म्हणजे गप्प नव्हे. शून्य हेही बोलणंच. तो तार खाली ओढून धरतो. त्याचं एनेबल, म्हणजे तारेशी असलेली जोडणीच, बंद कर, मग तो तार सोडेल."

एवढं बोलून बाई थांबल्या. मी त्यांचा सहकारी, शेजारच्याच टेबलाशी होतो. त्यांचा चेहरा पार उतरला. "लेक अडली की माझे ओठ हलतात, भुवया वर जातात," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, मी धीर देतेय. छळच केला हो मी तिचा."

पुढचं त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुलाखतीच्या वेळी त्या लेकीसमोर मान खाली घालून बसल्या. लेकीनं नंबर लावायला फोन हातात घेतला, आईकडे पाहिलं आणि परत खाली ठेवला.

"आई, तू... बा... बा..."

शब्द बाईंच्या अगदी जिभेवर होता. त्यांनी तो गिळला.

"बाहेर जा. तू असलीस की मला बोलता येत नाही."

बाई उठल्या आणि दार ओढून घेऊन जिन्यात बसल्या. आत लेक अडखळत होती, थांबत होती, पण प्रत्येक वाक्य शेवटाला नेत होती. लेकीला एवढं बोलताना बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं, तेही बंद दाराबाहेरून.