तारेत तांबंच नव्हतं

आमच्या ह्यांचं महाडात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. पोलादपूरला आमच्या घरात जो स्टिरिओ ॲम्प्लिफायर होता तो त्यांनी स्वतः जोडलेला, आमचं लग्न झालं त्या वर्षी. पेटी तेवढी सुताराची, बाकी आतलं सगळं सोल्डरिंग ह्यांच्या हातचं. गणपतीच्या आरत्या त्याच्यावर, वाडीतले साखरपुडे त्याच्यावर. मला त्याचा गर्व होता. लपवायचा कशाला?

दोन हजार नऊच्या मे महिन्यात धाकटे दीर दुबईहून आले ते पातळसा टीव्ही घेऊनच. चित्र झकास, आवाज मात्र सर्दी झाल्यासारखा. हे म्हणाले, "माझ्या ॲम्प्लिफायरला लावतो." दीर हसले. "दादा, हा डिजिटल आवाज हाय. तुझ्या डबड्याला झेपायचा नाय. शनिवारी जायच्या आधी नवीन सेट आणून ठेवतो, हे दे भंगारात."

अस्सा राग आला मला! चहा दिला, पण साखर कमीच घातली.

आता, टीव्हीच्या मागे आवाज बाहेर काढायला नेहमीची लाल-पांढरी भोकं नव्हतीच. एक चौकोनी भोक, आत लाल उजेड. त्याची केबल दिरांनी आणली होती. ह्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. एक टोक कापलं, दातांनी साल काढली आणि जोडायला तांब्याची तार शोधू लागले. आत प्लास्टिक. वीतभर सोललं, तरी प्लास्टिकच.

"अगो, तारेत तांबंच नाय!"

दीर हसून लोळायचे बाकी राहिले. "दादा, ह्यातून उजेड जातो, करंट नाय!"

दोन दिवस हे ती सोललेली केबलच उलटसुलट करून बघत होते. शुक्रवारी पहाटेच्या एसटीने मुंबई गाठली आणि संध्याकाळी दुसरी केबल आणि काड्यापेटीएवढी डबी घेऊन परत. त्या उजेडाचा पुन्हा करंट करते म्हणे. शनिवारी सकाळी जोडणी झाली. शेजारचे चारजण दारात उभे. बटण दाबलं तर नुसती खरखर.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" दीर म्हणाले.

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "दे भंगारात," एवढंच बोलले.

"थांबा जरा," मी म्हटलं. डबीच्या खोक्यावर बारीक इंग्रजी होतं, आणि मी दहावी पास हो! टीव्हीचा आवाज पीसीएम ह्या साध्या प्रकारावर ठेवा, नाहीतर डबीला तो कळत नाही, असं लिहिलेलं. रिमोट घेतला, मेन्यूत शिरले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सापडलं.

आणि बातम्या देणारी बाई आमच्या घरात उभी राहून बोलू लागली! मागोमाग जाहिरातीतली ढोलकी, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी टाळ्याच पिटल्या.

"मानलं दादा तुला," दीर म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

"मला कशाला मानतोस?" हे सगळ्यांदेखत म्हणाले. "ॲम्प्लिफायर माझा. बोलता केला तुझ्या वहिनीनं."

एकोणीस वर्षांत माझ्या हातच्या एका भाजीलाही त्यांनी असं चारचौघांत चांगलं म्हटलं नव्हतं.