वजा झालेला पहिला नंबर

अण्णांना हल्ली वाचता येत नाही, म्हणून भाच्याने अमेरिकेतून पाठवलेलं बेसबॉलच्या विक्रमांचं जाडजूड पुस्तक मी त्यांना वाचून दाखवते. माझ्या या वडिलांनी उभा जन्म क्लबच्या क्रिकेट सामन्यांचा स्कोअर लिहिला. आकडे कुठलेही असोत, त्यांना चालतात.

आज एकोणिसाव्या शतकातले फलंदाज होते, दर वर्षी सरासरीत पहिला आलेला एकेक. एका हंगामात म्हणे, चेंडू वाईट पडल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरचा पहिला टप्पा, तोसुद्धा फटका म्हणून मोजला. सगळ्यांच्याच सरासऱ्या फुगल्या. पुढे, ती माणसं केव्हाच मातीत गेल्यावर, कुणीतरी बसून ते फुकटचे फटके वजा केले. पहिला नंबर दुसऱ्याच कुणाला गेला.

अण्णा म्हणाले, "ज्याचा नंबर गेला, त्याच्या घरच्यांना कुणी कळवलं असेल का गं?"

मला वाटलं, आपल्याही पदरात असं किती काय फुकट पडलेलं असतं, आणि आपण ते कमाई म्हणून मिरवतो. वजाबाकी करणारा अजून जन्मायचा असतो, इतकंच.

"बाळूचं अर्धशतक..." अण्णा म्हणाले. बाळूकाका त्यांचे मित्र, आता नाहीत. त्या एकुलत्या एका अर्धशतकाचं कौतुक काकू अजून सांगतात. "त्यातल्या चार धावा बॅटला नाही, पॅडला लागून गेलेल्या. मी त्याच्या नावावर लिहिल्या."

"आता कुणाला कळणार आहे, अण्णा?"

"स्कोअरच्या वहीत त्या धावांशेजारी बारीक टिंब केलंय. खोटं लिहिलं, पण खूण केल्यावाचून राहवलं नाही. ती वही माझ्याबरोबर जाऊ दे."