तिसरा बल्ब

सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. शर्टांच्या कारखान्यात तिची उभी हयात इस्त्री फिरवण्यात गेली. बाकीच्या बायका इस्त्री तापली का ते बघायच्या, ही ती का तापते ते विचारायची. तिने कारखान्यातल्या वायरमनला इतकं पिडलं की शेवटी त्याने खडूने टेबलावरच लिहून दिलं. व्होल्टेजला रेझिस्टन्सने भागलं की करंट, व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर. "आता तरी माझा पिच्छा सोडा," तो म्हणाला. तिने सोडला नाही. ती निवृत्त झाली तेव्हा त्याने करंट-रेझिस्टन्स मोजायचा आपला जुना मीटर तिला भेट दिला, बहुधा सुटकेच्या आनंदात.

त्यानंतर भावाच्या घरातली एकही वस्तू तिच्या तावडीतून सुटली नाही. भावजय बिचारी सोशीक. "वन्सं, मिक्सर उघडा हवं तर, पण चटणी वाटून झाल्यावर," एवढंच म्हणायची.

या वहिनीची एक ठिपक्यांची कोंबडी होती. वहिनीच्या आईने जाण्याआधी स्वतःच्या हाताने दिलेली, म्हणून वहिनीचा तिच्यावर फार जीव. कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि एके सकाळी कुत्र्याने तिला मारलं. अंडी तेवढी उरली. तीही गार पडली तर आईच्या कोंबडीचं काहीच राहणार नव्हतं. वहिनी ती पदरात घेऊन स्वयंपाकघरात बसली.

आत्याने माळ्यावरून आपली जुनी लाकडी पेटी काढली. मागे पिल्लं उबवायला तिनेच ती केली होती, आणि तीस वॉटच्या हीटरवर ती हवी तेवढीच तापायची. पण हीटर जळला होता, आणि घरात बल्ब होते ते साठ वॉटचे. एक लावला तरी दुप्पट उष्णता.

तिने हिशेब मांडला. घरातलं व्होल्टेज दोनशे तीस. साठ वॉटच्या बल्बमधून पाव अॅम्पियरच्या जरा वर करंट जातो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स आठशे ऐंशी ओहमच्या आसपास. दोन बल्ब एकापाठोपाठ एक जोडले, तर करंटच्या एकाच वाटेत दोन अडथळे. रेझिस्टन्स दुप्पट, करंट निम्मा, आणि दोघांची मिळून पॉवर बरोबर तीस वॉट. आत्या खूश झाली. पेटी आधी रिकामी चालवून बघायची असते हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण अंडी गार होत चालली होती आणि उत्तर इतकं सुबक आलं होतं. तिने अंडी लगेच आत ठेवली.

पेटीतल्या थर्मामीटरचा पारा सदतीसवर आला, अडतीस ओलांडला आणि चढतच राहिला.

"वन्सं, चाळीस झालं." वहिनीने अंडी भराभर बाहेर काढून पुन्हा पदरात घेतली. आत्याने मीटर जोडला. पॉवर तीस नव्हे, चाळीसच्या वर भरली. भागाकार पुन्हा केला, तो बरोबर होता. मग चुकलं कुठे? अशा वेळीसुद्धा तिला खरं कुतूहल वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

कपाटात एक बल्ब उरला होता. त्याच्या टोकांना तिने मीटर लावला. आठशे ऐंशीचा पत्ताच नाही, सत्तर ओहमसुद्धा भरेनात. ती मीटरकडे बघत राहिली. मग तिला उमगलं. हा बल्ब गार होता. तार जितकी तापेल तितकी करंटला जास्त अडवते. पेटीतले दोन बल्ब मंद जळत होते, त्यांच्या तारा पुऱ्या तापल्याच नव्हत्या, म्हणून कमी अडवत होत्या. आणि तिने हिशेब धरला होता पुऱ्या तापलेल्या तारेचा.

तिने स्विच बंद केला आणि तिसरा बल्ब त्याच रांगेत जोडायला घेतला.

"आधीच भाजतंय, त्यात आणखी एक बल्ब?" वहिनी कळवळली. "आगीतून फुफाट्यात कशाला घालता?"

"बल्ब वाढला की अडथळा वाढतो वहिनी, करंट कमी होतो. पण या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नका. आधी रिकामी पेटी बघू."

दोघी पेटीपुढे बसल्या. मीटरच्या आकड्यांवरून पॉवर तीसच्या किंचित वर. पारा साडेसदतीसला येऊन थांबला आणि चहा होऊन पिऊन झाला तरी हलला नाही. तेव्हा कुठे वहिनीने एकेक अंडं आत ठेवलं.

दिवस भरल्यावर पिल्लं निघाली. त्यातली दोन अंगभर ठिपक्यांची. वहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती. काही अंडी मात्र तशीच राहिली. आत्या एकेक उचलून कानाशी लावत होती. ती त्या चाळीस अंशांनी गेली, की पदरातल्या गारठ्याने, की मुळातच त्यांत जीव नव्हता, हे कुठलाच मीटर सांगणार नव्हता. शेवटचं अंडं तिने खाली ठेवलंच नाही.

वहिनीने तिच्या हातातून अंडं हळूच काढून घेतलं.

"कोंबडीखाली तरी सगळी कुठं निघतात, वन्सं," ती म्हणाली, आणि एक ठिपक्यांचं पिल्लू उचलून आत्याच्या ओंजळीत ठेवलं.