ओतलेलं पाणी

आमच्या अक्काच्या हातांसारखे हात मी दुसरे पाहिले नाहीत. ती दवाखान्यात नर्स. मणक्यात सुई घालून पाठीचं पाणी काढतात, तेव्हा माणसाला गुडघे पोटाशी घेऊन घट्ट धरायचं आणि मग ते थेंब थेंब भरलेलं पाणी जपून ठेवायचं, हे तिचं काम. विसरण्याचा आजार कसा वाढतो ते या पाण्यावरून बघायला तीच माणसं दर वर्षी बोलावत. शिलाईवाल्या मावशींचं हे पाचवं वर्ष.

"हलू नका, मावशी."

"जन्मभर कापडाला सुया टोचल्या. कापड आता सूड घेतंय, घेऊ दे."

नळीत पाणी भरलं. झाकण लावताना ते तिरकं बसलं, नळी गळू लागली. गळकं भांडं दिसलं की दुसऱ्यात ओतायचं, ही घरातली सवय. अक्कानं ओतलं, नाव चिकटवलं, नळी फ्रीजरमध्ये ठेवली. दार लागलं आणि मग तिच्या लक्षात आलं.

भरलेली नळी दुसरीत ओतायची नाही, हे तीच नव्या मुलींना शिकवायची. पाण्यातलं जे मोजायचं तेच दर नव्या नळीला थोडं चिकटून राहतं. आकडा उतरतो, आणि आकडा उतरला म्हणजे आजार वाढला असं धरतात. यंदा आकडा उतरला तर शिलाईचं मशीन भाचीला देऊन कायमचं लेकीकडे जायचं, असं मावशींनी ठरवलं होतं.

कुणी पाहिलं नव्हतं. अक्का व्हरांड्यात गेली, परत आली. धुतलेले हात पुन्हा धुतले. चहा घेतला, तसाच ठेवला. शेवटी डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

"नळी बाद," बाई म्हणाल्या. "पुन्हा टोचायचं तर मावशींना तुम्हीच विचारा."

मावशी उताण्या पडून होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे माझ्याआधी तुझंच डोकं गेलं!"

"हो, मावशी."

"चुकलेली शिवण उसवायची मला कधी लाज वाटली नाही. कधी येऊ?"

"दोन आठवड्यांनी, सोमवारी दहाला. मी आठवण करून देते."

"काही नको. माझं मी लक्षात ठेवीन."

त्या सोमवारी अक्का आठपासून फाटकाशी फेऱ्या घालत होती. दहा वाजले. साडेदहा झाले. फोन हातात घेई, पुन्हा खिशात टाकी. अकराला मावशी धापा टाकत आल्या.

"बस चुकली गं. काय वाटलं तुला, विसरले?"

 अक्का आत गेली आणि सुई टोचायच्या आधी एकेका रिकाम्या नळीचं झाकण लावून, उघडून, पुन्हा लावून पाहत राहिली.