बांगडीवर पास, सेटवर नापास

"वैशाली, परत तेच!" फोनवर हेमांगीचा आवाज चिरकला होता. "रेंडर सुरू होतं आणि धाडकन बंद पडतं. 'आउट ऑफ मेमरी' म्हणतंय. शेठ तीन वाजता येतायत गं!"

सकाळचे साडेदहा झाले होते. मी डहाणूतल्या दुकानाचं शटर खाली ओढलं, टूलकिट उचललं आणि गाडी रानशेतच्या रस्त्याला घातली. कॉम्प्युटर विकायचे आणि दुरुस्त करायचे, हा माझा पंधरा वर्षांचा धंदा. आपण विकलेली वस्तू बंद पडली की मला दुकान उघडं ठेवून बसवत नाही.

हेमांगी ही रानशेतच्या भास्करकाकांची सून. काका डायमेकर. डाय म्हणजे दागिन्याचा लोखंडी ठसा, त्यावर पातळ पत्रा ठेवून दाबला की नक्षी उठते. काकांनी जन्मभर छिन्नीने डाय कोरल्या. हेमांगीने क्लासमधली शिकवायची नोकरी सोडली आणि तेच डिझाइन कॉम्प्युटरवर करायला घेतलं. वलसाडच्या एका शेठचं लग्नाच्या सेटचं काम चालून आलं होतं. चित्र पसंत पडलं तर ऑर्डर हिची, नाहीतर राजकोटला. आणि काकांनी घरात ठणकावलं होतं, "हे काम गेलं तर हा डबा विकायचा आणि तू परत क्लासला जायचंस."

शेठना नुसतं डिझाइन नको होतं, सोन्याचा फोटो वाटेल असं चित्र हवं होतं. असं चित्र तयार करणं म्हणजे रेंडर, आणि हे काम ग्राफिक्स कार्ड करतं. ते कार्ड निवडून दिलं होतं मी.

महिनाभरापूर्वी माझ्याकडे दोन कार्डं होती. एक नव्या पिढीचं, वेगवान, मेमरी आठ जीबी. दुसरं आधीच्या पिढीचं, हळू, पण मेमरी बारा जीबी. वेग म्हणजे कारागिराचा हात आणि मेमरी म्हणजे त्याच्या पुढ्यातलं टेबल, असं मी गिऱ्हाइकाला सांगते. हेमांगीने टेस्टसाठी फाइल दिली एका बांगडीची. नव्या कार्डाने चार मिनिटांत चित्र काढलं, जुन्याला सहा लागली. मी रुबाबात नवं कार्ड तिच्या हातात ठेवलं. जुनं गेलं तलासरीच्या दिनेशभाईकडे, तो फ्लेक्स छापतो.

पूर्ण सेटची फाइल मी मागितली होती, नाही असं नाही. काका म्हणाले, "ऑर्डर पक्की होईपर्यंत पूर्ण सेट घराबाहेर जाणार नाही." या धंद्यात डिझाइन चोरीला जायला वेळ लागत नाही, सगळेच डायमेकर ही काळजी घेतात. मीही मान डोलावली.

रानशेतला पोचल्यावर मी तोच सेट उघडला आणि मेमरीचा आलेख बघत बसले. तो सरसर वर चढला, टोकाला टेकला आणि प्रोग्राम बंद. हारावर, झुमक्यांवर, सगळीकडे रवाकाम होतं, म्हणजे मोहरीएवढे गोळे, हजारोंनी. एकेक गोळा मेमरीत जागा खाणार. बांगडीवर त्यांची एकच ओळ होती.

"रवे थोडे सपाट करूया का?" मी विचारलं. "फाइल हलकी होईल. एवढ्या लांबून कोणाला कळतंय?"

"मला कळतं," काका म्हणाले. "जे दाखवीन तेच कोरीन. खोटं चित्र या घरातून जाणार नाही."

माझं डोकंच सटकलं. "मग मला पूर्ण फाइल का नाही दिलीत? डायची छाप घेऊन बघता तेव्हा कोपऱ्याचीच बघता का, काका?"

काकांनी चष्मा काढून पुसला. बोलली हेमांगी. "फाइल घराबाहेर जात नव्हती. तू तर घरात येऊ शकत होतीस ना?"

खरं होतं ते. अर्ध्या तासाचा रस्ता, आणि मी कंटाळा केला होता.

कार्ड काढून मी गाडीत टाकलं आणि चारोटीवरून हायवेने थेट तलासरी गाठली. दिनेशभाई बॅनर छापत होता.

"तुझं कार्ड दे, त्याच्या बदल्यात हे घे. हे जास्त फास्ट आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नवीन देऊन जुनं कोण मागतं, बेन? काहीतरी लफडं आहे."

"लफडं माझं आहे, तुझं नाही. तुझ्या फायली लहान असतात, तुझं काम उलट पळेल. दिनेशभाई, पाया पडते, मशीन बंद कर!"

"आधी हे बॅनर होऊ दे."

ते बॅनर कसलं होतं ते मला आजही आठवत नाही, पण ती वीस मिनिटं आठवतात. तेवढ्यात हेमांगीचा फोन. "शेठनी बॉर्डरवरचं अच्छाड ओलांडलं! धाब्यावर जेवायला थांबलेत." म्हणजे ते माझ्या पाठीमागेच होते. कार्डं बदलून दिनेशचं मशीन चालू करून दिलं आणि धावत गाडी गाठली.

रानशेतला कार्ड बसवलं तेव्हा दोन वाजून गेले होते. रेंडर सुरू केलं. आलेख चढला, चढला आणि दहा जीबीच्या जरा पुढे जाऊन थांबला. टेबलावर काम मावलं होतं. पण हात हळू. स्क्रीनवर आकडा आला, एक तास दहा मिनिटं.

शेठ तीनला आले. चित्र साठ टक्क्यांवर होतं. एरवी चार शब्द न बोलणाऱ्या काकांनी त्यांना आत नेलं आणि जुन्या डाय एकेक करून दाखवायला घेतल्या. हेमांगी खुर्चीच्या कडेला बसून ओठ चावत होती. लाइट जाऊ नये म्हणून मी किती देव आठवले, विचारू नका.

सव्वातीन झाले. साडेतीन वाजले तेव्हा चित्र पूर्ण झालं.

शेठ कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. माउस हातात घेऊन त्यांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि हाराच्या खालच्या टोकाला रव्यांवर थांबले. "आ... हे रवे असेच उठणार?"

"मोजून घ्या," काका म्हणाले.

"राजकोटवाल्यांनी पण चित्र पाठवलं होतं. मोठं केलं तर रवे चपटे." शेठनी माउस सोडला. "काम तुम्ही करा."

हेमांगी उठून मागच्या दारी गेली. मी पाठोपाठ गेले तर ती पदराने डोळे टिपत होती. "सॉरी गं," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. आतून काकांची हाक आली, "हेमांगी, बांगडीची डाय आधी घे. तुझ्या मशीनवरच."

'तुझ्या मशीनवर' असं त्या घरात पहिल्यांदाच कोणी म्हटलं असेल.

आठ जीबीचं कार्ड दिनेशभाईने ठेवून घेतलं, त्याचे बॅनर सुसाट निघतात. कार्डात खोट नव्हतीच. हल्ली कार्ड विकायच्या आधी मी गिऱ्हाइकाच्या घरी जाते आणि म्हणते, तुमचं सगळ्यात जड काम उघडा. बरेच जण म्हणतात, "कशाला मॅडम, यूट्यूबवर सगळी तुलना बघितलीय." मी खुर्ची ओढून बसते आणि फाइल उघडेपर्यंत उठत नाही.